काठीएवढं अंतर

मार्गशीर्ष निम्मा सरला की बार्शीत एका सकाळी वारा फिरतो आणि बालाघाटाच्या अंगानं यायला लागतो. दार उघडलं की तो आधी कानाला लागतो, मग दातांना. गावाबाहेर शाळू पोटऱ्यात आलेला असतो, करडईला काटे धरलेले असतात, बाजाराकडं जाणाऱ्या गाड्यांतून ओल्या हरभऱ्याचा आंबूस वास येतो. लोक म्हणतात, थंडी पडली. मी काही म्हणत नाही. अंगणात जाऊन उभा राहतो, तोंड मिटून नाकानं एक खोल श्वास घेतो, तो आत धरून ठेवतो आणि ऐकतो. आत काही वाजतं का, खरखरतं का, कुठं अडतं का. सत्तरी कधीच ओलांडली, तरी ही सवय गेली नाही. श्वास निमूट बाहेर येतो, त्याची वाफ होते, आणि मग मी चहाला आत जातो.

ही सवय एका हिवाळ्यानं लावली. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी तेवीस वर्षांचा होतो आणि क्षयरोग्यांच्या एका लांबच्या दवाखान्यात जवळजवळ वर्ष काढून घरी आलो होतो. रोज एक सुई, मूठभर गोळ्या आणि लोखंडी खाटांची रांग, एवढंच ते वर्ष. आमच्या घरात त्या आजाराचं नाव कुणी घेत नसे. आई 'ते दुखणं' म्हणायची. आबा तेवढंही म्हणत नसत. आबा, म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर होते. कमी बोलणारा, नेमाचा माणूस. त्यांनी शेजारीपाजारी सांगून ठेवलं होतं की पोरगा पुण्याला मामाकडं शिकायला आहे. मी परत आलो तेव्हा अंगावर थोडं मांस चढलेलं होतं. गल्लीतली माणसं म्हणाली, पुण्याचं पाणी मानवलं. आई हसली आणि आत निघून गेली.

घरात कोनाड्यात माझी थाळी आणि पेला वेगळा मांडलेला असे. दोन महिन्यांनी आईनं एक दिवस ती भांडी उचलून सगळ्यांच्या भांड्यांत मिसळली. तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं नाही. पण त्या दिवसापासून जेवायला बसलो की माझे डोळे तो पेला शोधायचे. बुडाशी पोचा आलेला होता, त्यामुळं ओळखू यायचा. आबांनी किंवा धाकट्या बहिणीनं तो उचलला की माझा घास हातातच राहायचा.

दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी निघताना सांगितलं होतं, डाग वाळलाय, पण अजून वर्षभर छाती कागदाची समज. चढउतार नको, ओझं नको, धावपळ नको. आणि पांढरे रुमाल वापर. पांढऱ्यावर दिसतं. काय दिसतं ते त्यांनी सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. आईनं मांजरपाटाचे डझनभर रुमाल शिवले. मी खोकलो की रुमाल तोंडावर धरायचो, मग एखादी चिठ्ठी चोरून वाचावी तसा तो मुठीत उघडून बघायचो. पांढरा. दर वेळी पांढरा. तरी पुढच्या खोकल्याला पुन्हा मूठ उघडायचो.

आबांना घाई झाली होती. लग्न झालं की माणूस बरा झाला हे जगाला आपोआप कळतं, असं काहीसं त्यांच्या मनात असावं. दिवाळीनंतर ते मला टेंभुर्णीला मुलगी दाखवायला घेऊन गेले. मुलीचं नाव मंदा. मॅट्रिक झालेली, बागाईतदाराची थोरली लेक. पोहे झाले, चहा झाला, शेतापाण्याच्या गोष्टी झाल्या. तिच्या वडिलांनी तिला म्हटलं, काही विचारायचं असेल तर विचार. अशा वेळी मुली काही विचारत नाहीत. ही मात्र मान वर करून म्हणाली, "कॉलेजचं शेवटचं वर्ष मधेच का सोडलं?"

मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "टायफॉईड झाला होता. लई अशक्तपणा आला."

मंदानं आबांकडं बघितलं नाही. ती माझ्याकडं बघत राहिली. आणि मी मान हलवली. एवढंच केलं. शब्द आबांचा होता, मान माझी.

बोलणी जमली. पौषात शुभकार्य नको म्हणून सुपारी माघात फोडायची ठरली. तो मधला पौष माझ्या आयुष्यात सगळ्यांत लांब आहे. संक्रांतीचे तीळ निवडले जात होते, आई पुढच्या संक्रांतीला सुनेचे हलव्याचे दागिने कुणाकडून करून घ्यायचे ते ठरवत होती, आणि मी अंथरुणात पडून छातीकडं कान लावलेला. एकदा आबांना मी म्हणालो की त्या लोकांना सांगायला हवं. ते बूट घालत होते. नाडी बांधता बांधता म्हणाले, "डाग गेलाय न्हवं? मग सांगायचं काय? गेलेल्या पाव्हण्याची वळख कोन करून देतं?"

उत्तर सुचलं नाही म्हणून मी एक वेडा सौदा केला, स्वतःशीच. बार्शीच्या पूर्वेला, जिथं पठाराची कड सुरू होते, तिथं एक उघडाबोडका डोंगर आहे. बसलेल्या बैलासारखा दिसतो आणि मधोमध उंचवटा, म्हणून आजूबाजूचे लोक त्याला वशिंड्या म्हणतात. लहानपणी आबांच्या गाडीत पुढं बसून मी तो कितीदा बघितला होता. ठरवलं की एकट्यानं जायचं आणि वशिंडाच्या टोकाला हात लावून एका दिवसात परत यायचं. छातीनं साथ दिली तर मी बरा आहे, मग आबा म्हणतात तसं गप्प राहायचं. नाही दिली, तर मीच लग्न मोडायचं. आज वाटतं, खरं बोलायचं की नाही हे मी फुप्फुसांवर सोपवलं होतं. तोंडाचं काम त्यांनी करावं, अशी माझी अपेक्षा होती.

त्या आठवड्यात आबांची करमाळ्याची पाळी होती, म्हणजे ते नेमके उलट्या दिशेला. आईला मी सांगितलं की मित्राच्या रानात हुरडा खायला चाललोय. तिनं दोन भाकरी, शेंगाचटणी आणि दोन रुमाल दिले. पहाटेच्या पहिल्या गाडीनं निघालो आणि उजाडता उजाडता डोंगराखालच्या फाट्यावर उतरलो. कंडक्टरनं विचारलं, इथं कुणाकडं? मी म्हणालो, पुढं वस्तीवर. एका सकाळीत दुसरं खोटं.

गाडी गेली आणि रस्ता मोकळा झाला. असा गारठा मी नंतर पुन्हा अनुभवला नाही, किंवा अनुभवला असेल पण तेव्हा माझं शरीर इतकं कान देऊन बसलेलं नसेल. तुरीच्या शेंगांवर दव होतं. शाळूची ताटं ओलीगार, त्यांच्यातून चालताना सदऱ्याच्या बाह्या भिजल्या. बांध संपला, मुरूम सुरू झाला, तरवडाची पिवळी फुलं आणि कुसळी गवत. पहिला चढ मी पावलं मोजत चढलो. वीस पावलं, मग थांबायचं. वीस पावलं, थांबायचं. काही झालं नाही. मग तीस. मग मोजायचं विसरलो.

तो अर्धा तास मला अजून लख्ख आठवतो. ऊन तोंडावर आलं होतं. एक होला कुठंतरी सारखा घुमत होता. पहिल्या टप्प्यावरच्या सपाट खडकावर उभा राहून मागं बघितलं तर खाली रस्ता दोरीसारखा पडलेला आणि लांबवर बार्शीकडचं धुकं. वर्षभर ज्या शरीराला मी काचेच्या भांड्यासारखं सांभाळलं, ते माझ्या पायांवर उभं होतं, घामेजलं होतं, भुकेलं होतं. भाकरी खाल्ली. मला हसू आलं. मोठ्यानं हसलो आणि तेव्हाच पहिला खोकला आला.

रुमाल बघितला. पांढरा.

इथून परत फिरायला हवं होतं. घाटातल्या गाड्या चढाला गरम झाल्या की आबा त्या बाजूला घेऊन थांबायचे. प्रवाशांनी कितीही गडबड केली तरी पाणी थंड होईपर्यंत हलायचे नाहीत. हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. पण वर टोक दिसत होतं आणि सौदा टोकाचा होता. दुसरा चढ उभा होता. खडकांच्या मधून एक अरुंद घळ वर जाते, तिच्यात हातापायांवर चढावं लागतं. वारा त्या घळीतून खाली येत होता, कोरडा, धारदार. मी तोंड उघडं टाकून श्वास घ्यायला लागलो. पुन्हा खोकला. पुन्हा पांढरा. आता टोक पन्नास-साठ पावलांवर राहिलं होतं. दगडांचा रचलेला ढीग आणि त्यात खोवलेलं विटकं निशाण स्पष्ट दिसत होतं.

मग छातीत उजव्या बाजूला काहीतरी ऊनऊन सरकलं. खोकला वर आला तो थांबेना. तो थांबला तेव्हा तोंडात खारट चव होती. रुमाल उघडायच्या आधीच मला कळलं होतं, तरी उघडला. बोराएवढा लाल डाग, आणि कडेला फेस.

मी तिथंच एका खडकाच्या आडोशाला उजव्या कुशीवर पडलो. दवाखान्यात शिकवलं होतं, ज्या बाजूला त्रास त्या बाजूवर पडायचं, बोलायचं नाही, हलायचं नाही, हळू श्वास घ्यायचा. माझ्या शेजारच्या खाटेवर एक शिंपीकाम करणारे गृहस्थ होते. एका सकाळी ते चहाची बशी तोंडाला लावता लावता खोकले आणि पाच मिनिटांत सगळं संपलं. त्यांचीही सुरुवात अशीच बोराएवढी झाली होती का, ते मला आठवेना. मी ते आठवायचा प्रयत्न करत पडून राहिलो. दुसरा खोकला आला. पुन्हा लाल, थोडं कमी की जास्त ते कळेना. आकाश इतकं निळं होतं की त्याच्याकडं बघवत नव्हतं.

आणि मग एक गोष्ट ध्यानात आली. मी इथं आहे हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. आई समजत होती मी हुरड्याला गेलोय. संध्याकाळी मी आलो नाही तर आबा कंदील घेऊन त्या मित्राच्या रानात जातील, शेकोट्या तुडवतील, विहिरीत डोकावतील. इकडं कुणी येणार नाही. आजाराचं खोटं आबांचं होतं, पण हे माझं होतं, आणि त्यानं मला असं लपवलं होतं की शोधणाऱ्यालाही सापडू नये.

किती वेळ गेला सांगता येत नाही. सावली खडकाच्या एका कंगोऱ्यावरून दुसऱ्यावर गेली. मग घुंगरांचा आवाज आला आणि पाठोपाठ एक कुत्रं. काळं, कान कापलेलं. माझ्यापासून दोन हातांवर थांबून ते गुरगुरायला लागलं. मला हलायचं नव्हतं, ओरडायचं नव्हतं. मी नुसता त्याच्या डोळ्यांत बघत राहिलो. कुणीतरी शीळ घातली, कुत्रं मागं सरलं आणि खडकावरून एक बाई डोकावली. पन्नाशीची धनगर बाई, डोक्यावरून घोंगडी, हातात लांब काठी. तिची मेंढरं घळीच्या तोंडाशी गोळा झाली होती.

तिनं विचारलं, काय झालं, पडलास का. मी मान हलवली, टेंभुर्णीला हलवली होती तशीच. ती लगबगीनं खाली उतरली, कमरेचा पाण्याचा तुंबा सोडला आणि माझं डोकं मांडीवर घ्यायला खाली वाकली. तेवढ्यात तिची नजर रुमालावर गेली.

"पडल्यावर तोंडातनं येतंय व्हय?" ती म्हणाली. "खरं सांग."

तिचा हात माझ्या मानेखाली आलेला होता. खरखरीत, ऊबदार हात. वर्षभरात आईशिवाय मला कुणी असा हात लावला नव्हता. तो तसाच राहावा म्हणून मी काहीही बोललो असतो. पण तिचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर होता, मी श्वास सोडत होतो आणि ती तो घेत होती. मी म्हणालो, "मावशी, लांब व्हा. मला क्षय आहे."

तो शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारला. ओठांवर आणायला एवढा छोटा शब्द आहे, याचं नवल वाटलं.

तिनं हात काढून घेतला. माझं डोकं हळूच खाली ठेवलं, पण ठेवलं. चार पावलं मागं सरली, पदर नाकावर ओढला. मी डोळे मिटले. कान मात्र घुंगरांकडं होते. आता ती शीळ घालील, मेंढरं वळतील, आवाज लांब जाईल.

आवाज लांब गेला नाही. पदराआडून ती म्हणाली, "घरात बारकी नातवंडं हायती. भ्या वाटतंय मला. पर तुला टाकून न्हाय जायाची. उटून बस, ओंजळ धर, वरनं वतते."

मी उठून बसलो. ती उंच खडकावर उभी राहिली आणि तिनं तुंब्यातून धार सोडली. वाऱ्यानं अर्धं पाणी उडून गेलं, अर्धं ओंजळीत पडलं. गार, किंचित घोंगडीचा वास असलेलं. मी चूळ भरली, मग थोडं प्यायलो. अशी वरून धार धरून पाणी देणं म्हणजे काय, हे आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. तो अपमान मी दुसऱ्यांच्या वाट्याला आलेला बघितला होता. पण त्या दिवशी मला अपमान वाटला नाही. ती मला टाळत नव्हती, तिच्या नातवंडांना जपत होती. आणि दोन्ही एकाच वेळी जमावं म्हणून तिनं खडक शोधला होता.

दुपार कलली तेव्हा खोकला थांबला होता. तिनं काठीचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं तिनं धरलं. ती पुढं, नाकावर पदर, मी मागं. आमच्यामध्ये ती काठी. घसरणीला ती थांबायची, काठी रोवून धरायची, मी उतरलो की पुढं जायची. उतरायला खूप वेळ लागला. वाटेत तिनं घरचं विचारलं. मी सांगितलं. माघातल्या सुपारीचंही सांगितलं.

"पोरीला म्हाईत हाय?"

"नाही."

एका मेंढराच्या पायात कुसळ गेलं होतं, ते तिनं वाकून काढलं. मग पाठमोरीच म्हणाली, "मला सांगितलंस, मी लांब सरले. वाईट वाटलं आसंल तुला. पर काठी दिली की. सांगितलं नसतंस तर तुजं डोकं मांडीवर घिऊन बसले असते, आन् त्याच मांडीवर सांजच्याला नातू घेतला असता. किती लांब उभं ऱ्हायचं ते माजं मी ठरवलं. ते तू कसं ठरवणार?"

फाट्यावर तिनं काठी माझ्या हातातून सोडवून घेतली आणि मातीनं तिचं टोक खसाखसा घासलं. गाडी येईपर्यंत रस्त्याच्या पलीकडं मेंढरं घेऊन बसून राहिली. मी गाडीत चढलो तेव्हा तिनं हात वगैरे केला नाही, उठून चालू लागली. वशिंडाच्या टोकाला मी आजपर्यंत हात लावलेला नाही. त्यानंतर इतके हिवाळे आले, पण मी पुन्हा तिकडं गेलो नाही. जे आणायचं होतं ते टोकाच्या अलीकडंच मिळालं होतं.

घरी आलो. आबा करमाळ्याहून येऊन हातपाय धूत होते. मी रुमाल त्यांच्यापुढं उघडून धरला आणि कुठं गेलो होतो ते सांगितलं. आई भिंतीला टेकून खाली बसली. आबा माझ्यावर कधी ओरडले नव्हते, त्या दिवशीही ओरडले नाहीत. ओल्या हातांनी तसेच उभे राहिले. सकाळी मला डॉक्टरकडं घेऊन गेले. छातीचा फोटो झाला, थुंकी तपासली. डॉक्टर म्हणाले, रोग उलटलेला नाही, जुन्या व्रणाशेजारची बारीक शीर ताणानं फुटली, नशीब थोडक्यात निभावलं. तीन आठवडे अंथरूण सोडायचं नाही. आणि मग त्यांनी माझी जी काही खरडपट्टी काढली, ती आबांनी खाली मान घालून ऐकली. जणू डोंगर तेच चढले होते.

त्या अंथरुणात मी टेंभुर्णीला पत्र लिहिलं. मंदाच्या वडिलांच्या नावानं. आजार कोणता, किती दिवस होता, डोंगरावर काय झालं, सगळं. टायफॉईडला मीही मान हलवली होती, हेही लिहिलं. पत्र आबांच्या हातात दिलं आणि म्हटलं, वाचा आणि टाका. त्यांनी ते वाचलं. त्यांच्या खाकी शर्टाच्या खिशात मला ते दोन दिवस दिसत राहिलं. तिसऱ्या दिवशी खिसा रिकामा होता. पेटीत टाकलं का, विचारलं, तर म्हणाले, नाही. टेंभुर्णीला गाडी चहाला थांबते तेवढ्यात ते धावत त्यांच्या घरी जाऊन आले होते.

"खोटं मी त्येंच्या वसरीत बसून बोललो हुतो," आबा म्हणाले. "पोस्टानं खरं धाडून कसं चालंल?"

तिकडून काय म्हणाले, ते आबांनी सांगितलं नाही. बहुधा काहीच म्हणाले नसावेत. संक्रांत गेली. माघ लागला, सुपारीचा दिवस आला आणि साध्या दिवसासारखा मावळला. आईनं हलव्याचं नाव काढलं नाही. मी उठून हिंडाफिरायला लागलो होतो. मन विचित्र मोकळं होतं. दुःख होतं, आणि तरीही रात्री झोप लागत होती. पेला मी स्वतःहून पुन्हा कोनाड्यात ठेवला. कुणी विचारलं की का ते सांगत होतो. गल्लीतली दोन घरं यायची बंद झाली. बाकीची येत राहिली, काही दारातून, काही आतपर्यंत.

माघ संपता संपता एका दुपारी मंदाचे वडील तूर घेऊन बार्शीच्या अडतीवर आले आणि तिथून आमच्याकडं. बरोबर मंदा. वडील ओसरीवरच बसले, आबांशी पिकापाण्याचं बोलू लागले. मंदा आत आली आणि दाराशी उभी राहिली, ना आत, ना बाहेर. आई चुलीपाशी होती. मंदा मला म्हणाली, "तेव्हा मान का हलवलीत?"

"भ्यालो होतो."

"आणि आता?"

"आताही भ्यालोय."

ती उंबरठ्याच्या आत आली. मग म्हणाली, "तो फोटो आहे का? छातीचा? मला बघायचाय."

मी ट्रंकेतून पाकीट काढलं, काळी काच असावी तशी ती मोठी फिल्म खिडकीच्या गजांना टेकवून उजेडात उभी केली आणि मागं सरलो. ती खिडकीपाशी गेली. मी तिचा चेहरा अजून धड पाहिलेला नव्हता, आणि ती माझ्या बरगड्या बघत होती. एक एक, वरपासून खालपर्यंत. तिनं विचारलं, डाग कुठं. मी लांबूनच बोट केलं. उजवीकडं वर, पांढुरका, वाटाण्याएवढा. तिनं फिल्मला नाक लागेल इतक्या जवळून तो बघितला.

"भाजल्याचासुद्धा डाग राहतोच की," ती म्हणाली. "हात काय कामाचा राहत नाही व्हय?"

मग तिनं अटी घातल्या. वर्षभर थांबायचं. औषध एक दिवस चुकवायचं नाही. डोंगर बंद. आणि सहा महिन्यांनी असाच दुसरा फोटो काढून तो तिच्याकडं धाडायचा, डॉक्टरांची चिठ्ठी नको, फोटोच, तिचा तिला बघता येतो. हे सगळं तिनं बाहेर जाऊन वडिलांसमोर आणि आबांसमोर पुन्हा एकदा सांगितलं. तिचे वडील कपाळाला हात लावून बसले. बऱ्याच वेळानं त्यांनी आबांकडं तंबाखूसाठी हात पुढं केला.

श्रावणात मी दुसरा फोटो काढला. दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून दोऱ्यानं बांधला, वर टेंभुर्णीचा पत्ता लिहिला, खाली 'वाकवू नये' असं लिहून दोन रेघा ओढल्या आणि पोस्टात गेलो. खिडकीतल्या वयस्कर बाबूंनी ते बाड उलटसुलट करून बघितलं.

"काय आहे यात?"

"फोटो आहे."

"एवढा मोठा? मुलगी बघायचीय का?"

"नाही," मी म्हणालो. "माझाच आहे. तिला बघायचाय."